टाकळीचे गोटे वेचणारा पाद्री

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचं नाव आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या कानावरून गेलेलं असतं. कुणाचा दीर तिथं शिकलेला असतो, कुणाच्या मामेबहिणीनं तिथून बी.ए. केलेलं असतं. पण हा हिस्लॉप कोण, असं सहसा कुणी विचारत नाही. असेल कुणी इंग्रज साहेब, असं म्हणून आपण पुढं जातो. तर मैत्रिणींनो, हे गृहस्थ इंग्रज नव्हते, स्कॉटलंडचे होते. साहेब नव्हते, पाद्री होते. आणि कॉलेज त्यांनी स्वतः काढलेलं नाही. ते निघालं १८८३ साली, त्यांच्या मृत्यूला वीस वर्षं झाल्यावर, त्यांच्या आठवणीसाठी. मला त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं ते मात्र कॉलेजमुळं नाही, गोट्यांमुळं. आपल्या या काळ्या दगडाच्या मुलखात पायाखालचे गोटे उचलून, निरखून, कागदात गुंडाळून ठेवणारी जी थोडी माणसं दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी होती, त्यात स्टीफन हिस्लॉप यांचं नाव फार वरचं आहे.

गोट्यांना कसली आलीय किंमत, असं तुम्ही म्हणाल. अजिंठ्याला, वेरूळला सहलीला गेलात की पोरं हातात चमकणारे दगड घेऊन मागं लागतात, आठवतं ना? बाहेरून ओबडधोबड, फोडलं की आत खडीसाखर भरल्यासारखं. काही गुलाबी, काही हिरवे. त्यातले काही रंगवलेलेही असतात, घेताना जरा बघून घ्यावं. पण रंग न लावलेले खरे स्फटिक जे असतात, त्यांचं मोल जगभरच्या हौशी लोकांना ठाऊक आहे. पंख्यासारखा उघडलेला स्टिलबाइट, काचेच्या मनोऱ्यासारखा अपोफिलाइट, कापसाच्या बोंडातून नुकता काढल्यासारखा पांढरा मऊसूत दिसणारा ओकेनाइट, पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला गर्द निळा कॅव्हनसाइट. अमेरिकेत टूसॉन नावाच्या गावी दरवर्षी दगडांचा मोठा बाजार भरतो, तिथं महाराष्ट्रातले हे दगड मांडलेले असतात. आपल्याकडेही सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचं खास दगडांचंच संग्रहालय आहे.

हे दगड आपल्याकडेच इतके का? त्याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. अनारसा तळताना त्याला जाळी पडते ना, तसंच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून तप्त रस बाहेर आला, थरावर थर पसरला. त्यातला वायू बाहेर निघताना रसात पोकळ्या राहिल्या, आणि रस थिजून काळा दगड झाला. मग त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं. पाण्यात विरघळलेली खनिजं हळूहळू, अगदी पाक मुरावा तशी, भिंतींवर धरत गेली आणि त्यांचे स्फटिक झाले. आपला परभणी जिल्हाही याच दगडावर वसलेला. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक.

बचत गटाच्या बैठकीसाठी मी जिंतूरकडच्या एका गावात गेले होते. तिथं एका घरी तुळशी वृंदावनात असा एक दगड ठेवलेला दिसला. चांगला वीतभर, आतून पांढराशुभ्र. हिरीचं काम चालू असताना सुरुंगानंतर निघाला, असं तिथल्या माउलीनं सांगितलं. आणखीही निघाले होते म्हणे, एक माणूस येऊन पोतंभर घेऊन गेला. किती पैसे दिले ते विचारलं, तर ती नुसती हसली. मला पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट लागली. तो दगड कुठंतरी दूरच्या दुकानात काचेमागं बसेल, त्याखाली चिठ्ठीवर नुसतं ‘भारत’ लिहिलेलं असेल. गावाचं नाव गेलं. दगडांच्या हौशी लोकांत तर असं मानतात की कुठं सापडला ते ठाऊक नसेल तर दगडाचं अर्धं मोल जातं. अभ्यासकाला तर तो जवळजवळ निरुपयोगीच. हिस्लॉप यांचं मोठेपण मला इथं दिसतं. त्यांनी वेचलेल्या दगडांना टाकळी, मांगली, पिसदुरा ही गावांची नावं आजही चिकटलेली आहेत.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स नावाच्या लहानशा गावातला. वडील गवंडीकाम करणारे, म्हणजे दगडाशी नातं घरातूनच आलेलं म्हणायचं. आपल्याकडे जात्याला टाकी लावून देणारी वडार समाजातली बाई दगडावर नुसतं बोट वाजवून तो भरीव की पोकळ ते सांगते. ज्याचा हात दगडावर बसलेला आहे त्याला दगड कळतो. घर धार्मिक वळणाचं. थोरले भाऊ अलेक्झांडर हेही पुढं पाद्रीच झाले. स्टीफन यांचं शिक्षण एडिंबरा आणि ग्लासगोला झालं.

त्याच सुमारास इकडं नागपूरजवळ कामठीच्या छावणीत कॅप्टन हिल नावाचे एक फौजी अधिकारी होते. पत्नीच्या निधनानंतर त्यांनी या भागात मिशनचं काम सुरू व्हावं म्हणून २५ हजार रुपये देऊ केले. त्या काळातले २५ हजार! त्या पैशावर जो माणूस पाठवायचा ठरला, तो म्हणजे सत्तावीस वर्षांचे हिस्लॉप. नुकतंच लग्न झालेलं. पत्नी एरास्मा हिला घेऊन ते १८४४ च्या अखेरीस मुंबईला उतरले आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपूरला पोचले. नागपूरला रेल्वे आली ती १८६७ मध्ये, तेव्हा हा प्रवास कसा झाला असेल याची कल्पना तुम्हीच करा. चरित्रांमध्ये एरास्माला फार थोडी जागा मिळाली आहे. नवी नवरी परक्या मुलखात येते, तिथला उन्हाळा, तिथली आजारपणं सोसते, संसार उभा करते आणि नाव नवऱ्याचं होतं. हे काही आपल्याला नवं नाही.

नागपूरवर तेव्हा तिसऱ्या रघूजी भोसल्यांचं राज्य होतं. हिस्लॉप मराठी शिकले आणि १८४६ मध्ये त्यांनी शहरात शाळा काढली. शाळेत मुलं येऊ लागली. पण मिशनची शाळा म्हटली की धर्मांतराचा प्रश्न आलाच. शाळेच्या संबंधातल्या एका तरुणानं ख्रिस्ती होण्याची इच्छा दाखवली, तेव्हा राजानं त्याला कैदेत ठेवलं आणि मोठं प्रकरण झालं. लोकांच्या मनात धास्ती बसली, ती समजण्यासारखीच होती. आज मागं वळून पाहताना मला त्यांच्या धर्मप्रसारात फार रस वाटत नाही, पण ते ज्यासाठी आले होते ते काम तेच होतं, हेही लपवून चालणार नाही. गोटे हा त्यांचा फावल्या वेळातला उद्योग. सकाळ-संध्याकाळच्या फेरफटक्यातला.

१८४७ मध्ये त्यांच्या जोडीला रॉबर्ट हंटर नावाचे दुसरे पाद्री आले. हे हंटरही तसेच चौकस. दोघं बरोबर फिरायला जात. १८५१ साली असेच फिरत असताना नागपूरच्या वायव्येला टाकळीच्या माळावर त्यांना दगडात रुतलेल्या गोगलगाई दिसल्या. ही टाकळी आता नागपूर शहरातच आली आहे, गिट्टीखदानच्या बाजूला. गिट्टीखदान हे नावच बघा, तिथला दगड फोडून शहर उभं राहिलेलं. तर त्या गोगलगाई शंखासह दगड झालेल्या होत्या. आणि गोड्या पाण्यातल्या!

आता यात एवढं काय, असं वाटेल. पण विचार करा. वर काळा दगड, खाली काळा दगड, म्हणजे तप्त रसाचे थर. मधे पातळसा गाळाचा थर, आणि त्यात गोगलगाई. याचा अर्थ असा की एकदा रस येऊन थिजला, मग कितीतरी काळ सगळं शांत राहिलं, तळी साचली, त्यांच्या काठी झाडं उगवली, पाण्यात गोगलगाई आल्या, मासे आले, आणि मग पुन्हा एकदा रसाचा लोंढा येऊन सगळं झाकून गेलं. खापरपोळीच्या पदरांसारखे हे थर. त्या मधल्या पदरात एका तळ्याचा सगळा संसार बंद झालेला. हिस्लॉप आणि हंटर यांनी तो पदर मोठ्या चिकाटीनं उलगडला. टाकळीला आणि आसपास त्यांना दगड झालेली फळं, बिया, पानं, लाकूड, मासे, इतकंच काय, किड्यांच्या पंखांवरची कवचंसुद्धा मिळाली. वाटाण्यापेक्षा लहान बी दगडातून सोडवायची म्हणजे काम किती नाजूक! तांदूळ निवडणाऱ्या बाईला ते बरोबर कळेल.

त्याच टाकळीला त्यांना एक हिरवागार स्फटिक मिळाला. डब्लिनचे शास्त्रज्ञ सॅम्युएल हॉटन यांनी तो तपासला आणि १८५९ मध्ये त्याला नाव दिलं हिस्लॉपाइट. त्याच वर्षी नागपूरच्याच एका चिकणमातीसारख्या खनिजाला हंटर यांच्यावरून हंटराइट असं नाव मिळालं. दोघा मित्रांची नावं अशी दगडांवर कोरली गेली. पुढच्या अभ्यासात हिस्लॉपाइट हे काही स्वतंत्र खनिज ठरलं नाही. साधा कॅल्साइट, म्हणजे चुन्याच्या जातीचा स्फटिक, त्यात दुसरं हिरवं खनिज मिसळलेलं, एवढंच. पण नाव राहिलं ते राहिलंच. हंटर मात्र नागपूरला फार काळ टिकले नाहीत. तब्येतीमुळं १८५५ मध्ये ते मायदेशी परतले आणि पुढं त्यांनी इंग्रजीचा एक प्रचंड शब्दकोश केला. काही माणसांना गोळा करण्याची खोडच असते, दगड नाहीतर शब्द!

नागपूरच्या दक्षिणेला मांगली नावाचं गाव आहे. तिथल्या दगडात एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. उभयचर म्हणजे बेडकासारखा, पाण्यात आणि जमिनीवर राहणारा. ती लंडनला रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली. डायनोसॉर हा शब्द ज्यांनी बनवला तेच हे ओवेन. १८५५ मध्ये त्यांनी त्या प्राण्याचं नामकरण केलं, ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे: आखूड चेहऱ्याचा, रुंद डोक्याचा.

कामठीच्या आसपासच्या वाळूच्या दगडात तर वेगळाच खजिना होता. तिथं ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडाची पानं उमटलेली सापडत. लांबट पान, मधोमध शीर, दोन्ही बाजूंनी जाळीसारख्या बारीक शिरा. पंचवीस कोटी वर्षांपेक्षा जुनं. हिस्लॉप यांनी वेचलेल्या या पानांचा अभ्यास चार्ल्स बन्बरी यांनी केला, तो १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. दगडांचं वय ठरवताना हिस्लॉप यांचे काही अंदाज पुढं टिकले नाहीत, पण त्यांनी वेचलेला पुरावा टिकला. हेच पान आफ्रिकेत मिळालं, ऑस्ट्रेलियात मिळालं, दक्षिण अमेरिकेत मिळालं. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती बर्फात मरण पावले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सोळा किलो दगड होते, आणि त्यातही हेच पान होतं. सगळे भूखंड एकेकाळी जोडलेले होते याचा हा एक मोठा पुरावा ठरला. त्या जुन्या महाखंडाला जगानं नाव दिलं गोंडवन. आपल्या गोंड लोकांच्या भूमीवरून. शाळेत लेकरं भूगोलात गोंडवनभूमी पाठ करतात, तेव्हा त्यांना एवढं तरी सांगावं की हा शब्द आपल्या शेजारच्या जंगलातून निघून साऱ्या जगात गेलेला आहे.

गोंड म्हटल्यावर हिस्लॉप यांचं दुसरं वेचणं सांगायला हवं. जंगलातल्या गावांतून फिरताना ते गोंड आणि इतर आदिवासींच्या भाषेतले शब्द, चालीरीती, गाणी टिपून घेत. गोंडांचा आदिपुरुष लिंगो याची लांबलचक गाथा त्यांनी गोंडांच्या प्रधान गायकांकडून उतरवून घेतली. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेली ती गाथा त्यामुळं प्रथमच कागदावर आली. दगड काय आणि गाणं काय, जिथून घेतलं तिथलं नावगाव सोबत ठेवायचं, ही त्यांची रीत.

याच वर्षांत नागपूरला दुसरेही खडे विकले जात होते. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले, औरस वारस नाही असं कारण दाखवून डलहौसीनं १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे लिलावात गेले. राण्यांच्या विरोधाला न जुमानता जडजवाहीर बाहेर काढलं गेलं आणि कलकत्त्याच्या बाजारात विकलं गेलं. हिरे, माणकं, पाचू, मोती. कोणत्या राणीच्या गळ्यातलं कोणतं, त्याची ओळख त्या बाजारात उरली असेल का? एका बाजूला असे लाखमोलाचे खडे नाव हरवून चाललेले, आणि तिथून दोन-अडीच मैलांवर एक पाद्री फुकट गोट्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावत बसलेला. हा योग मला फार विलक्षण वाटतो. आणि हेही खरं की तो पाद्री राज्यकर्त्यांच्या बाजूचाच होता. १८५७ मध्ये नागपूरला उठावाचा बेत झाला तेव्हा एका मुसलमान परिचितानं त्यांना आधी सूचना दिली आणि त्यांनी ती अधिकाऱ्यांच्या कानावर घातली, असं त्यांच्या चरित्रात येतं. माणूस असा एका रंगाचा कधीच नसतो.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतातून हिस्लॉप यांना अवाढव्य हाडांचे तुकडे मिळाले. सरपटणाऱ्या जातीच्या कुठल्याशा प्रचंड प्राण्याची ती हाडं. पुढं ती डायनोसॉरची ठरली. पिसदुऱ्याला आणखी एक वस्तू भरपूर मिळते. शेण! होय, दगड झालेलं शेण. आपण गोवऱ्या थापणाऱ्या बायका, आपल्याला त्याचं हसू येईल, पण त्या शेणानं शास्त्रज्ञांना चकित केलं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या डॉ. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. त्यात गवताचे अतिसूक्ष्म कण मिळाले. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं असं तोवर मानत. २००५ मध्ये या शोधानं ते खोटं पाडलं. आणि २०११ मध्ये त्याच शेणातल्या कणांवरून त्यांनी दाखवलं की तांदळाच्या कुळातलं गवतही तेव्हा उगवत होतं. आपल्या ताटातल्या भाताचं कूळ साडेसहा कोटी वर्षांमागं, वरोऱ्याच्या मातीत! ज्या जागेवर हिस्लॉप वाकले होते, त्याच जागेवर दीडशे वर्षांनी एक भारतीय बाई हा शोध लावते. हे मला तर हिस्लॉपाइटपेक्षा मोठं वाटतं.

हिस्लॉप यांच्याच काळात इंग्लंडच्या समुद्रकाठी मेरी ॲनिंग नावाची बाई होऊन गेली. गरीब सुताराची लेक. कड्यातून असेच दगड झालेले प्राणी शोधून काढायची आणि विकून पोट भरायची. तिच्या मालावर मोठमोठे पंडित लेख लिहीत, लेखात बहुधा तिचं नाव नसे. १८४७ मध्ये ती वारली. हिस्लॉप पुरुष होते, शिकलेले होते, लंडनच्या विद्वानांना बरोबरीच्या नात्यानं पत्र लिहू शकत होते. त्यांनी गोटे विकले नाहीत, अभ्यासासाठी पाठवले. त्यांचं नाव राहिलं. पण मला राहून राहून वाटतं, पिसदुऱ्याच्या शेतात हाड पहिल्यांदा नांगराला लागलं असेल ते कुणाच्या? टाकळीच्या माळावर गुरं राखणाऱ्या पोरीनं दगडातली गोगलगाय आधी पाहिलीच नसेल का? गावांची नावं चिठ्ठीवर आली, या माणसांची आली नाहीत.

आणि दगड गेले ते बहुतेक लंडनला. त्यातले कितीतरी तिथल्या मोठ्या संग्रहालयात आहेत. नागपूरलाही १८६३ मध्ये संग्रहालय निघालं. लोक त्याला प्रेमानं अजब बंगला म्हणतात. ते काढणारे सर रिचर्ड टेंपल हे नव्या मध्य प्रांताचे मुख्य कमिशनर, हिस्लॉप यांचे स्नेही. प्रांत नवा, त्याची माहिती हवी, आणि माहिती असलेला माणूस म्हणजे हिस्लॉप.

तो १८६३ चाच पावसाळा होता. नागपूरच्या दक्षिणेला बोरीजवळ टाकळघाट नावाचं गाव आहे. तिथं आणि परिसरात मोठमोठ्या दगडांची गोल रिंगणं आहेत. प्राचीन माणसांनी आपल्या मृतांसाठी मांडलेली. ती बघायला टेंपल आणि हिस्लॉप गेले. ४ सप्टेंबरचा दिवस. टेंपल आधी मुक्कामाकडे परतले, हिस्लॉप मागं राहिले आणि नंतर एकटेच घोड्यावर बसून निघाले. वाटेत ओढा होता. पावसानं फुगलेला. आपल्याकडच्या ओढ्यांचं तुम्हाला सांगायला नको. सकाळी पायाचा घोटा बुडत नाही आणि संध्याकाळी बैलगाडी वाहून जाते. छावणीवर घोडा आला तो एकटाच, पाठीवर स्वार नाही. लोक धावले, शोध झाला, पण हिस्लॉप हाती आले ते गेलेलेच. शेहेचाळीसावा वाढदिवस चार दिवसांवर आलेला होता.

त्यांच्या टिपणांचे कागद मागं उरले होते. टेंपल यांनी ते स्वतः लावले आणि १८६६ मध्ये मध्य प्रांतातल्या आदिवासींवरचं पुस्तक म्हणून छापून काढले. लिंगोची गाथा त्यातच आहे. टाकळघाटला पुढं १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तिथं आणि शेजारच्या खापा इथं लोखंड वापरणाऱ्या, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांच्या खुणा निघाल्या. नागपूरजवळच्याच माहुरझरीला अशी रिंगणं आहेत, आणि तिथं तर अकीक, गारगोटी अशा दगडांचे मणी घडवण्याचा मोठा उद्योगच होता. इतक्या कडक दगडाला इतकं बारीक भोक त्या काळी पाडलेलं पाहिलं की आपण दोऱ्यात मणी ओवताना करतो ती कुरकुर बंद होते. म्हणजे या मुलखातला रंगीत दगडांचा धंदा काही आजचा नाही. तेव्हाही कुणीतरी गोटे वेचत होतं, कुणी घासत होतं, कुणी गळ्यात घालत होतं.

हिस्लॉप यांचा शेवटचा लेख मात्र त्यांनी छापलेला पाहिला नाही. मध्य भारतात मिळालेल्या सरपटणाऱ्या प्राचीन प्राण्यांच्या दातांवर आणि हाडांवर त्यांनी तो लिहिला होता. लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात तो आला १८६४ मध्ये.